रक्तजलाची साक्ष

सानपाड्यात आज गोठा दिसत नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, खाडीकाठच्या गावांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या नगरासाठी संपादित झाल्या, आणि आगरी-कोळी समाजाच्या ज्या गावात भातखाचरे, गुरे आणि अंगणातल्या गावठी कोंबड्या हा संसाराचा सहज भाग होता तेथे इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. पशुधनाशी असलेला आपला संबंध मात्र यामुळे तुटला नाही, तो दृष्टीआड झाला इतकेच. घाटावरून शेळ्या-बोकड घेऊन देवनारच्या कत्तलखान्याकडे निघालेली वाहने शीव-पनवेल महामार्गाने सानपाड्याच्या अंगावरूनच खाडीपूल ओलांडतात, कोंबड्यांच्या जाळ्या लादलेले टेम्पो पहाटे दुकानांपुढे रिकामे होतात, आणि दुधाची पिशवी तर सूर्योदयापूर्वीच दाराशी येऊन पडलेली असते. म्हणून जनावरांच्या रोगांचे निदान किती विश्वासार्ह रीतीने होते हा प्रश्न खेड्यातल्या पशुपालकाचा जितका, तितकाच चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थाचाही आहे.

जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातील चिरनेर येथे, १९३० च्या जंगल सत्याग्रहाने ज्या गावाचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले त्याच गावात, कोंबड्यांना बर्ड फ्लूची लागण झाल्याचे सिद्ध झाले. अशा वेळी शहरातला माणूस एकच प्रश्न विचारतो, की कोंबडी खावी की नाही. त्याला दोष देता येणार नाही, कारण ‘प्रयोगशाळेचा अहवाल आला’ या तीन शब्दांपलीकडे त्याला कोणी काही समजावून सांगितलेले नसते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला उद्रेक उघडकीस आला, तेव्हापासून या रोगाचा अंतिम निर्णय भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत होत आला आहे, आणि तो मुख्यतः विषाणू वेगळा करून किंवा त्याचे जनुकद्रव्य हुडकून काढणाऱ्या पीसीआर पद्धतीने होतो. रक्तातील प्रतिपिंडे शोधणारी एलायझा चाचणी येथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण या तीव्र विषाणूने ग्रासलेली कोंबडी प्रतिपिंडे तयार होण्यापूर्वीच मरून जाते. बदकासारखा पक्षी मात्र अनेकदा जगून राहतो आणि त्याच्या रक्तात त्या संसर्गाची खूण उरते. कोणत्या प्रश्नाला कोणती चाचणी उत्तर देऊ शकते, हे ओळखणे ही विश्वासार्हतेची पहिली पायरी होय.

एलायझाचा जन्म १९७१ सालचा. स्टॉकहोम येथे एवा एंगवॉल आणि पीटर पर्लमन यांनी, व त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये व्हॅन वेमेन आणि स्खूर्स यांनी, किरणोत्सारी द्रव्याच्या जागी विकराचा उपयोग करून रक्तातील सूक्ष्म घटक मोजण्याची ही रीत सिद्ध केली. त्याच वर्षी पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना होऊन महाराष्ट्राच्या कुक्कुटपालनाने व्यवसायाचे रूप घेण्यास आरंभ केला, हा योगायोगच; पण पुढे या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या फार जवळ आल्या. चाचणीचे तत्त्व साधे आहे. प्लॅस्टिकच्या एका तबकडीत शहाण्णव लहान खळगे असतात, त्यांच्या तळाशी रोगजंतूचा प्रतिजन चिकटवलेला असतो, त्यावर जनावराचे रक्तजल सोडले की त्यात प्रतिपिंडे असल्यास ती प्रतिजनाला बिलगतात, न बिलगलेले सारे धुऊन टाकल्यावर विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड त्यांच्यावर बसते, आणि शेवटी घातलेल्या द्रव्याला त्या विकरामुळे जो रंग येतो त्याची गडदता यंत्र मोजते.

या चाचणीने पशुवैद्यकास काय मिळवून दिले, याचे सर्वांत मोठे उदाहरण बुळकांडी या गुरांच्या रोगाचे. १८८९ साली पुण्यात स्थापन झालेली आणि पुढे १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलविलेली इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, म्हणजे आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, हिच्या आरंभीच्या कार्यात याच रोगाचा शोध अग्रभागी होता. कारण बुळकांडी गावात शिरली की बैल मरत, बैल मेले की पेरणी बुडे, आणि पेरणी बुडाली की माणसे देशोधडीस लागत. देशात शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये झाला, २०११ मध्ये सारे जग या रोगापासून मुक्त झाल्याचे घोषित झाले, आणि या विजयाचे श्रेय लसीला मिळते ते यथायोग्यच आहे. तथापि रोग खरोखर गेला, हे सिद्ध कसे झाले? लस टोचलेल्या आणि रोगातून वाचलेल्या जनावरांच्या रक्तातील प्रतिपिंडांत भेद करता येत नव्हता. म्हणून आधी लसीकरण धैर्याने थांबवावे लागले, आणि मग लस बंद झाल्यावर जन्मलेल्या जनावरांचे रक्तजल एलायझाने तपासून त्यात बुळकांडीचा मागमूस नाही हे दाखवावे लागले. लाळ्या-खुरकुताच्या बाबतीत विज्ञान त्याही पुढे गेले आहे. शुद्ध केलेल्या लसीत विषाणूची असंरचनात्मक प्रथिने जवळजवळ नसतात, त्यामुळे त्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे आढळली तर जनावराला प्रत्यक्ष संसर्ग होऊन गेला असा निष्कर्ष काढता येतो; आणि लसच पुरेशी शुद्ध नसेल तर वारंवार टोचलेले निरोगी जनावरही रोगी ठरू शकते. चाचणीची विश्वासार्हता अशा रीतीने लसीच्या कारखान्यापर्यंत जाऊन पोहोचते.

रक्तजल ही साक्ष आहे, आणि साक्षीचे मोल ती कोणी, कोठे, कोणासमक्ष आणि कशा स्थितीत नोंदवली यावर ठरते, हे आपल्या कचेऱ्यांतील कोणताही जुना कारकून जाणतो. कोकणातल्या उन्हाळ्यात घेतलेले रक्त गोठून रक्तजल वेगळे होण्याआधीच गाडीच्या डिकीत तापले, किंवा घाईने बर्फात दाबल्यामुळे त्यातील तांबड्या पेशी फुटल्या, तर पुढे कितीही महागडे यंत्र वापरले तरी बिघडलेल्या नमुन्याचा निर्णय शुद्ध होत नाही. कुपीवरचा क्रमांक पावसाने पुसला गेला, किंवा कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक उतरवताना एक अंक चुकला, तर एका शेतकऱ्याच्या म्हशीचा दोष दुसऱ्याच्या म्हशीच्या माथी येतो. प्रयोगशाळेतही तेच. चाचणीच्या साहित्याचा संच शीतकपाटात दोन ते आठ अंश तापमानात राहिला पाहिजे, वापरण्यापूर्वी तो खोलीच्या तापमानावर आणला पाहिजे, अन्यथा तबकडीच्या कडेचे खळगे आधी तापून मधल्यांपेक्षा अधिक रंग धरतात. धुण्यात एक फेर कमी झाला तर निरोगी नमुनाही रंगतो. आणि थेंब मोजणाऱ्या पिपेटची तपासणी वर्षानुवर्षे झाली नसेल तर सारे गणितच ढळते. प्रत्येक तबकडीत खात्रीचा रोगी आणि खात्रीचा निरोगी असे नियंत्रण-नमुने ठेवलेले असतात, आणि त्यांचे आकडे ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले तर ती संपूर्ण तबकडी, तीवर कितीही पैसा खर्च झालेला असो, रद्द करावयाची असते. ती रद्द करण्याचे स्वातंत्र्य तंत्रज्ञाला असले पाहिजे. संचांचा हिशेब देण्याच्या धास्तीने एखाद्याने संशयास्पद तबकडी ‘चालवून घेतली’, तर त्या क्षणी शास्त्र संपते आणि केवळ कागद उरतो.

आणखी एक गोष्ट शासनाच्या आणि पशुपालकांच्याही ध्यानी यावी, म्हणून थोडे गणित मांडतो. समजा एका भागात हजार जनावरे आहेत, त्यांतील दहा ब्रुसेलोसिसने, म्हणजे संसर्गजन्य गर्भपाताच्या रोगाने, बाधित आहेत, आणि आपली चाचणी शंभर रोग्यांपैकी अठ्ठ्याण्णव ओळखते व शंभर निरोग्यांपैकी अठ्ठ्याण्णवांना निरोगी म्हणते. चाचणी उत्तम आहे. तरीही दहा रोगी जनावरे सापडत असताना उरलेल्या ९९० निरोग्यांतील सुमारे वीस जनावरे रोगी म्हणून पुढे येतील. म्हणजे एकूण तिसांपैकी वीस निर्दोष! हा चाचणीचा दोष नव्हे, विरळ रोग शोधताना पडणारे हे अटळ गणित आहे. म्हणूनच पहिल्या होकारानंतर दुसऱ्या पद्धतीने खातरजमा करणे आवश्यक ठरते, आणि त्या दुसऱ्या चाचणीचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या चाचणीबरोबरच धरलेला असावा लागतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांना ब्रुसेलोसिसची लस टोचतात. हे कोवळे वय निवडण्यामागे एक कारण असे, की लसीमुळे आलेली प्रतिपिंडे जनावर वयात येईपर्यंत बहुधा ओसरावीत आणि पुढच्या चाचणीत घोटाळा होऊ नये. कोणत्या कालवडीला कोणत्या वयात लस टोचली याची नोंद नसेल, तर चार वर्षांनी आलेला ‘पॉझिटिव्ह’ लसीचा की रोगाचा, हे कोणीही सांगू शकणार नाही. बिल्ला आणि दफ्तर ही म्हणून चाचणीचीच अंगे आहेत.

कुक्कुटपालकांनी या चाचणीचा उपयोग अधिक सूक्ष्मपणे केला आहे, हे त्यांच्या श्रेयास नमूद केले पाहिजे. तेथे प्रश्न एका कोंबडीचा नसून संपूर्ण शेडचा असतो. वीस-चोवीस पक्ष्यांचे रक्त तपासून कळपाची प्रतिकारशक्ती किती आणि ती सर्वांत सारखी आहे की विखुरलेली, हे पाहतात. पिल्लाच्या रक्तात आईकडून बलकावाटे आलेली प्रतिपिंडे काही काळ टिकतात आणि तेवढ्या काळात दिलेली गम्बोरो रोगाची लस ती निष्फळ करतात. म्हणून पहिल्या दिवसांतल्या एलायझाच्या आकड्यांवरून लसीचा दिवस ठरविला जातो. मानमोडी या रोगासाठीही अशीच देखरेख चालते. मोठ्या संस्थांना हे परवडते, पण रायगड किंवा ठाणे जिल्ह्यात दोन-चार हजार पक्षी सांभाळणाऱ्याने कोणाच्या दारात जावे? मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. या संस्थांची विद्या तालुक्यापर्यंत पोहोचविणारी, प्रशिक्षित आणि कायम नेमणुकीची माणसे हवीत. मुदत संपली की निघून जाणाऱ्या हंगामी हातांनी ही विद्या टिकत नाही, कारण ती बोटांत मुरते आणि बोटांबरोबरच जाते.

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक अहवालावर निकालाबरोबर नियंत्रण-नमुन्यांचे आकडे, संचाचा क्रमांक आणि नमुना घेतल्यापासून तपासणीपर्यंत गेलेले दिवस छापले जावेत. प्रयोगशाळांनी वर्षातून किमान एकदा, उत्तरे केवळ पाठविणाऱ्यास ठाऊक असलेले नमुने तपासून द्यावेत आणि त्यांचे गुण जाहीर व्हावेत. आणि होकारार्थी निकाल घेऊन शासनाचा माणूस गोठ्यात जाईल, तेव्हा त्याच्या हाती उत्तरही असावे. बर्ड फ्लूत शासनाने मारलेल्या कोंबड्यांना भरपाई मिळते, त्यामुळे मालक रोग कळविण्यास धजावतो. ब्रुसेलोसिस झालेल्या म्हशीच्या मालकाला असा आधार नसेल, तर तो ती गुपचूप पुढच्या बाजारात विकील, आणि अचूक चाचणीनेच रोगाला नवे गाव दाखविल्यासारखे होईल. ‘साहेब, ही म्हैस आता ठेवू की विकू?’ असे तो विचारील. तेव्हा वेगळी व्यायण्याची जागा, वार आणि गाभ हातमोजे घालून चुन्यासह खोल पुरण्याची रीत, घरच्यांनीसुद्धा दूध उकळूनच प्यावे ही सूचना, पुन्हा रक्त तपासण्याची तारीख, आणि घरातल्या कोणाला चढ-उताराचा ताप किंवा सांधेदुखी असल्यास कोणत्या सरकारी रुग्णालयात जावे त्याचे नाव, हे सारे स्वच्छ मराठीत लिहिलेला एक कागद त्याच्या हातात पडला पाहिजे, आणि त्याखाली लिहून देणाऱ्या अधिकाऱ्याची सही असली पाहिजे.