पाळकाविना मंडळी? एका अर्धसत्याचा पंचनामा

१/ डिसेंबर १८५६. अमेरिकेतील आयोवा राज्यातले वॉकन हे गाव. गोठलेल्या मिसिसिपी नदीवरून घसरगाडी हाकीत जेम्स आणि एलन व्हाइट हे दांपत्य तेथे पोहोचले. ज्यांच्यासाठी हा जीवघेणा प्रवास केला ते उपदेशक जॉन लफबरो त्या वेळी धर्मोपदेश सोडून सुतारकाम करीत होते. ‘एलीया, तू येथे काय करतोस?’ हा शास्त्रातला प्रश्न एलन व्हाइट यांनी त्यांना तीनदा विचारला. लफबरो परत फिरले.

२/ ॲडव्हेंटिस्ट इतिहासात हा प्रसंग मोठ्या भक्तिभावाने सांगितला जातो. परंतु सांगणारे एक साधा प्रश्न टाळतात : एलीयाने रंधा हाती का घेतला? उत्तर अगदी घरगुती आहे. उपदेशाने चूल पेटत नव्हती.

३/ आज या विषयावर दोन गट ठामपणे बोलतात. एक म्हणतो, आरंभीची मंडळी स्थायिक पाळकाविना चालली, म्हणूनच ती तेजस्वी होती. पाळक आला आणि तेज गेले. दुसरा गट इतिहास म्हणून थोर पुरुषांची नामावळी पुढे करतो. पहिल्याचे अर्धे म्हणणे खरे आहे आणि म्हणूनच ते अधिक घातक आहे.

४/ आधी खरे अर्धे पाहू. विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातील शेतकरी. ख्रिस्ताचे पुनरागमन १८४३ च्या सुमारास होईल, असे त्याने गणित मांडले. पुढे २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरला. तो दिवस आला आणि गेला. त्याआधीच अनेकांना त्यांच्या मूळ मंडळ्यांनी बाहेर काढले होते. एलन हार्मन (पुढे व्हाइट) हिचे मेथडिस्ट कुटुंब त्यांतलेच. ज्यांना पाळकांनीच दार दाखवले, त्यांच्या मनात पाळक आणि संघटना या दोहोंविषयी अढी बसली नसती तरच नवल! जॉर्ज स्टॉर्स या मिलरपंथी उपदेशकाचे मत तर असे की, माणसांनी संघटना उभारली की त्या क्षणी मंडळीची बाबेल होते.

५/ म्हणूनच शब्बाथ पाळणाऱ्या ॲडव्हेंटिस्टांचे खरे व्यासपीठ छापखाना ठरले. १८४९ मध्ये जेम्स व्हाइट यांनी ‘प्रेझेंट ट्रुथ’ हे पत्र सुरू केले. १८५० मध्ये ‘रिव्ह्यू’ आले. दूरच्या शेतावर एकटे राहणारे कुटुंब पाळकाची वाट पाहत बसले नाही, ते टपालाची वाट पाहू लागले. त्याच पत्रात त्यांची स्वतःची पत्रेही छापून येत. परस्परांचे सांत्वन कागदावर होत होते.

६/ उपदेशक मात्र फिरता. तो येई, तंबूत किंवा शाळेच्या खोलीत सभा घेई, मंडळी उभी करी आणि पुढच्या गावाला जाई. मागे राहणारा कारभार गावच्याच वडिलांच्या हाती. भामटेही या वाटेने येऊ लागले, तेव्हा १८५३ मध्ये विश्वासू उपदेशकांना ओळखपत्रे देण्यात आली. त्यांवर जेम्स व्हाइट आणि निवृत्त जहाज-कप्तान जोसेफ बेट्स यांच्या सह्या असत. ज्यांनी संघटनेला बाबेल म्हटले त्यांच्याच वारसांना नऊ वर्षांत शिफारसपत्राची गरज पडली, ही गोष्ट पहिल्या गटाने ध्यानात घ्यावी.

७/ मे १८६३ मध्ये मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे जनरल कॉन्फरन्स स्थापन झाली. तेव्हा सभासद सुमारे ३,५००, मंडळ्या सुमारे १२५ आणि उपदेशक तीसेक, त्यांतले २२ दीक्षित. म्हणजे एका उपदेशकामागे चार मंडळ्या. येथे ‘पाळक नको’ हा सिद्धांत शोधण्यापूर्वी भागाकार करून पाहावा! फिरतेपणात श्रद्धा होती, हे निश्चित. परंतु मनुष्यबळाची आणि पैशाची टंचाईही होती.

८/ आता त्या तेजाची किंमत. जेम्स व्हाइट यांनी १८४८ मध्ये प्रवासखर्चासाठी लोकांच्या शेतात गवत कापले. उपदेशकाला ठरलेले वेतन नव्हते. कोणाच्या मनात आले तर धान्य, नाही तर आशीर्वाद. शेवटी १८५९ मध्ये पद्धतशीर दानाची योजना आली : पुरुषाने आठवड्याला ५ ते २५ सेंट, स्त्रीने २ ते १० सेंट, शिवाय मालमत्तेच्या दर शंभर डॉलरमागे १ ते ५ सेंट. दशांशाची रीत त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी पक्की झाली. ‘स्वावलंबी मंडळी’ म्हणून जिचा गौरव होतो, ती काही काळ उपदेशकाच्या बायकामुलांच्या उपासमारीवर स्वावलंबी होती.

९/ मराठी ख्रिस्ती वापरात ‘पाळक’ म्हणजे कळप पाळणारा. या काळात पाळकाला कोण पाळणार होते, हे विचारायचे कोणाला सुचले नाही.

१०/ मग स्थायिक पाळक हीच अधोगती काय? तसे म्हणण्यास नेत्यांचाच आधार दाखवला जातो. १९१२ मध्ये जनरल कॉन्फरन्सचे अध्यक्ष ए. जी. डॅनियल्स यांनी सांगितले की, काही फार मोठ्या मंडळ्या सोडल्या तर आपण उपदेशक एका जागी बसवत नाही आणि बसवूही नयेत. एलन व्हाइट यांचाही आग्रह असाच होता. हा आग्रह खोटा नव्हता. जुन्या मंडळ्यांना गोंजारीत बसलेला उपदेशक नव्या प्रदेशात जात नाही. डब्ल्यू. ए. स्पायसर १८९८ मध्ये हिंदुस्थानात आले ते याच फिरत्या परंपरेतून. पुण्याच्या स्पायसर महाविद्यालयाला त्यांचेच नाव देण्यात आले. मात्र एका व्यवस्थेचा हेतू सांगितला म्हणजे तिचा जमाखर्च सांगून झाला, असे होत नाही.

११/ आणि त्या जमाखर्चात सर्वांत मोठी रक्कम स्त्रियांच्या नावावर आहे. येथे दोन्ही गटांची दातखीळ बसते. १८७० च्या दशकात सारा लिंडसी आणि एलन लेन यांना उपदेशाचा परवाना मिळाला. मिनर्व्हा चॅपमन १८७७ पासून सहा वर्षे जनरल कॉन्फरन्सच्या खजिनदार होत्या. न्यूयॉर्क राज्यातील ल्यूलू वाइटमन यांनाही परवाना मिळाला आणि त्यांच्या सभांतून मंडळ्या उभ्या राहिल्या. दीक्षा मात्र पुढे त्यांच्या पतीला मिळाली, त्यांना नाही. उपदेशकांच्या ज्या पत्नी घरोघर जाऊन पाळकाचेच काम करीत त्यांना वेतन द्यावे, म्हणून एलन व्हाइट यांना नेत्यांशी भांडावे लागले.

१२/ ‘पाळक नव्हता’ असे जे म्हणतात त्यांनी एवढेच म्हणावे की पगारी, दीक्षित, पुरुष पाळक नव्हता. आजाऱ्याच्या उशाशी बसणारे, नव्याने आलेल्याला शास्त्र शिकवणारे, मंडळी धरून ठेवणारे कोणीतरी होतेच. त्यांची नावे नोंदवहीत दुसऱ्या रकान्यात गेली, किंवा गेलीच नाहीत.

१३/ डिसेंबर १८८१ च्या जनरल कॉन्फरन्समध्ये ठराव आला : पात्र स्त्रियांना दीक्षा देऊन उपदेशकपदी नेमणे पूर्णपणे उचित आहे. चर्चा झाली. ठराव कार्यकारी समितीकडे सोपवण्यात आला. समितीतून तो परत आला नाही.