शेवटचेच नाव का जुळले?

समजा, शहापूर, खर्डी, सरळगाव, मुरबाड अशा गावांच्या दोन याद्या ओळीओळीने ताडून पाहणारा प्रोग्रॅम तुम्ही लिहिलात. एक फाइल विंडोजवर केलेली, दुसरी लिनक्सवर. नावे तीच, तरी यंत्र म्हणते ‘वेगळी’! फक्त शेवटचे मुरबाड जुळते. अंदाजाने प्रोग्रॅम बदलत बसू नका. त्या अपवादाकडे पाहा आणि ओळींची लांबी मोजा. काना-उकार धरून ‘शहापूर’ एकीकडे ६ भरते, दुसरीकडे ७. विंडोजवर ओळ १३ आणि १० या दोन संकेतांकांनी संपते, लिनक्सवर फक्त १० ने. प्रोग्रॅमने १० तेवढा काढला. न दिसणारा १३ मागे राहिला. शेवटच्या नावापुढे ओळ संपवणारी खूण नव्हतीच. गुरुजनहो, चूक शोधणे हाही प्रयोगच आहे. उत्तर आयते सांगू नका, मुलांना मोजू द्या.