दाढ किडण्यापूर्वी

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने दातांवर लेख लिहावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आमच्याकडून अपेक्षा असते ती कवितेची, सहलीच्या वर्णनाची, फार तर हुंड्यावरील एखाद्या तळमळीच्या लेखाची. परंतु मराठीचा विद्यार्थी म्हणून पाहिले तर दात हा विषय आम्हांला परका नाही. विनवणी करताना आपण दातांच्या कण्या करतो, राग आला की दातओठ खातो, सूड मनात ठेवला की एखाद्यावर दात धरतो आणि प्रतिपक्षाची फजिती करायची असेल तर त्याचे दात त्याच्याच घशात घालतो. चणे आणि दात यांची चुकामूक तर सर्वांच्याच परिचयाची आहे. पण इतके असूनही दात किडू नये म्हणून काय करावे हे सांगणारी एकही म्हण मला आठवत नाही. दात दुखणे आणि दात पडणे, एवढेच आपण गृहीत धरले आहे. मधली गोष्ट, म्हणजे दात राखणे, आपल्या बोलण्यात नाही आणि व्यवहारातही नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

'दाताला कीड लागली' असे आपण म्हणतो आणि या शब्दानेच निम्मा घोटाळा करून ठेवला आहे. कीड म्हटली की डोळ्यांपुढे ज्वारीतला नाहीतर लाकडातला किडा येतो. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतला किडा पाडण्याचा उपाय आपल्या खेड्यापाड्यांत चालत आलेला आहे. वास्तविक दाढेत असा किडा नसतोच. आपल्या तोंडात सूक्ष्म जंतू असतात. आपण खाल्लेल्या साखरेपासून ते आम्ल तयार करतात आणि हे आम्ल दाताच्या वरच्या कठीण कवचातील, म्हणजे एनॅमलमधील, क्षार विरघळवते. लाळ आणि फ्लोराइड ही झीज काही अंशी भरून काढतात. पण जमेपेक्षा खर्च वाढला की घर जसे कर्जात जाते, तसा दात पोखरला जातो. एकदा खड्डा पडला की तो आपण होऊन बुजत नाही.

आता हा खड्डा पडतो कोठे? मुलांच्या बाबतीत उत्तर ठाम आहे. तो बहुतेक वेळा दाढेच्या माथ्यावर पडतो. दाढ हा चावण्याचा दात असल्यामुळे तिचा माथा सपाट नसतो, त्यावर उंचवटे असतात आणि उंचवट्यांच्या मध्ये खोल, चिंचोळ्या भेगा असतात. या भेगांपैकी कित्येक इतक्या अरुंद असतात की टूथब्रशचा एक केससुद्धा त्यांत शिरू शकत नाही. अन्नाचे कण मात्र शिरतात, जंतूही शिरतात. फ्लोराइडची टूथपेस्ट दाताच्या गुळगुळीत बाजूंचे रक्षण चांगले करते, पण या भेगांत तिची मात्रा तितकीशी चालत नाही. थोडक्यात, दाढेची रचनाच अशी आहे की शहाण्यातल्या शहाण्या मुलाने दोन वेळा दात घासले, तरी भेगेच्या तळाशी चोराला जागा उरतेच.

या दाढांतील सर्वांत दुर्दैवी दाढ कोणती असेल तर ती सहाव्या वर्षी येणारी. मूल साधारण सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दाढांच्या मागे, जबड्याच्या चारही कोपऱ्यांत एकेक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचे घरात कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात आलेच तर सगळे तिला दुधाचीच समजतात. प्रत्यक्षात ही कायमची दाढ असते. ती जन्मभर पुरावयाची असते आणि गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या आमच्या सात दिवसांच्या शिबिरात गावच्या शाळेतील मुलांची दंततपासणी झाली, तेव्हा नोंदी लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. चौथीतील एका मुलीची खालची दाढ इतकी पोखरली होती की तालुक्याहून आलेल्या डॉक्टरांनी ती काढावी लागेल असे सांगितले. मुलीची आई शेतमजुरी करणारी. ती निर्धास्तपणे म्हणाली, "दुधाचीच हाय ना डाक्टर? पडंल अन् नवी येईल." डॉक्टर म्हणाले, "नाही मावशी. ही आता पुन्हा येणार नाही." त्या बाईने एकदा मुलीकडे आणि एकदा डॉक्टरांकडे पाहिले. दाढ वाचवण्याचा मार्ग होता, पण त्यासाठी शहरात तीन-चार खेपा आणि तिच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतका खर्च होता. अर्थात तो मार्ग तिच्यासाठी नव्हता. दहा वर्षांच्या मुलीची साठ वर्षे पुरायची दाढ तिच्या आईच्या परिस्थितीने ठरवली. मी नोंदवहीत 'काढणे' असा शब्द लिहिला आणि पुढच्या मुलाचे नाव विचारले.

अशा प्रसंगी आपल्याकडे एकच भाषण ठरलेले असते. "चॉकलेटे खातोस, दात घासत नाहीस, मग किडणार नाही तर काय?" मुलाने दात घासावेत आणि गोड बेताने खावे, यात दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ज्या भेगेत ब्रश पोहोचतच नाही, त्या भेगेबद्दल सहा वर्षांच्या मुलाला गुन्हेगार ठरवणे हा माझ्या मते शुद्ध अन्याय आहे. छपराला भोक असताना घरातल्यांना 'ओले झालातच कसे?' असे विचारण्यापैकी हे आहे. पावसाळा तोंडावर आला की आपण उपदेश करत बसत नाही, घर शाकारून घेतो. मग दाढ का शाकारू नये?

दाढ शाकारता येते, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नाही. अमेरिकेत रोचेस्टर येथील ईस्टमन दंतसंस्थेत मायकेल बुओनोकोर नावाचे संशोधक होते. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत धातूला आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्यांना माहीत होते. तीच युक्ती त्यांनी दातावर करून पाहिली. सौम्य प्रमाणात आम्ल लावल्यावर एनॅमल किंचित खरखरीत होते आणि त्यावर राळेसारखा पदार्थ घट्ट चिकटतो, असे त्यांना आढळले. १९५५ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. १९६७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने याच तत्त्वाने दाढेच्या भेगा बुजवण्याची पद्धत मांडली. जे आम्ल दात किडवते, त्याच जातीच्या वस्तूने दात वाचवावा, ही काट्याने काटा काढण्याचीच तऱ्हा झाली.

या पद्धतीला सीलंट लावणे असे म्हणतात. त्यात भीती वाटावी असे काहीही नाही. दाढ स्वच्छ करतात, कापसाने कोरडी ठेवतात, तिच्या माथ्यावर काही सेकंद आम्लाचा लेप देतात, मग धुऊन पुन्हा वाळवतात. त्या वेळी ती जागा खडूसारखी पांढरी दिसते. तिच्यावर पातळ राळ सोडली की ती भेगांत उतरते आणि निळ्या प्रकाशाच्या दिव्याने काही सेकंदांत कडक होते. सुई नाही, कोरण्याचे यंत्र नाही, रक्त नाही. एका दाढेला काही मिनिटांचे काम. पथ्य एकच, ते म्हणजे काम चालू असताना दाढेला लाळ लागता कामा नये, नाहीतर राळ धरत नाही.

या उपायाची परीक्षा झाली नाही असेही नाही. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची एक परिषद खास याच विषयावर बोलावली. सीलंट अत्यंत परिणामकारक व सुरक्षित आहे आणि त्याचा वापर वाढला पाहिजे, असा तिचा निर्वाळा होता. पुढे २०१६ साली त्या देशाच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले की, मागच्या दाढांतील किडण्यापैकी ८० टक्के किडणे सीलंटमुळे दोन वर्षेपर्यंत टळते. पण त्याच वेळी तेथील ६ ते ११ वर्षांच्या मुलांपैकी केवळ ४३ टक्के मुलांना ते लावलेले होते आणि त्यातही गरिबांची मुले मागेच होती. जेथे शोध लागला तेथील ही स्थिती! म्हणजे औषध सापडणे वेगळे आणि ते गरजूच्या तोंडापर्यंत पोहोचणे वेगळे.

यावर आक्षेप घेणारे मला भेटले आहेत. पहिला आक्षेप असा की, भेगेत आधीच जंतू असले तर आपण त्यांना आत कोंडून ठेवू. परंतु कोंडलेल्या जंतूंना साखर मिळेनाशी होते आणि किडण्याची नुकती झालेली सुरुवात झाकणाखाली थांबते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. मोठा खड्डा पडला असेल तर गोष्ट वेगळी, तेथे भरणच हवे. दुसरा आक्षेप असा की, हा लेप झिजतो, निघतो. खरे आहे. म्हणून तर तो अधूनमधून तपासून घ्यावा लागतो आणि गेला असल्यास पुन्हा द्यावा लागतो. घराची कौलेसुद्धा आपण एकदाच चाळून स्वस्थ बसत नाही. तिसरे म्हणणे असे की, सीलंट लावले म्हणजे मुले दात घासणे सोडतील. सीलंट फक्त माथ्यावरच्या भेगा राखते, दोन दातांच्या फटीतली आणि हिरडीकाठची राखण ब्रशनेच करावयाची असते. हे मुलांना नीट सांगितले तर त्यांना ते कळते. मोठ्यांनाच सांगावे लागते पुन्हा पुन्हा.

परदेशात पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळतात, तसे आपण का करू नये, असेही विचारले जाते. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स या शहरात १९४५ पासून तो प्रयोग सुरू झाला. पण आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या कित्येक गावांत भूजलात मुळातच फ्लोराइड जास्त आहे आणि त्याचे डाग मुलांच्या दातांवर दिसतात. सर्वांच्या पाण्यात सरसकट एकच वस्तू ओतणे आपल्याला परवडणारे नाही. दाढ बुजवण्याचा उपाय मात्र ज्या त्या मुलाच्या ज्या त्या दाढेपुरता असतो. त्याला गावचे पाणी आड येत नाही.

आता आपल्याकडची स्थिती पाहू. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ मधील राष्ट्रीय पाहणीत १२ वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के आणि १५ वर्षांच्या मुलांपैकी ६३.१ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. म्हणजे शाळेच्या वर्गात निम्म्याहून अधिक बाकांवर हा रोग बसलेला होता. उपाययोजनेची यंत्रणा आपल्याकडे नाही असे म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातील पालघर येथून 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू झाला. त्याखाली डॉक्टरांची फिरती पथके शाळांतून वर्षातून एकदा मुलांची तपासणी करतात आणि तपासण्याच्या यादीत दातही आहेत. पण हे पथक शोधते काय? किडलेला दात. सापडला की नोंद करते आणि मुलाला पुढच्या रुग्णालयात पाठवते. न किडलेली दाढ असेल तर तिच्यापुढे 'निरोगी' असे लिहून पथक पुढे जाते. माझे म्हणणे असे की, खरे काम त्या निरोगी दाढेपाशीच आहे. पुढच्या वर्षी ती नोंद बदलणार असते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मूल सहाव्या वर्षी पहिलीत येते आणि त्याच सुमारास पहिली कायमची दाढ येते. बाराव्या वर्षी मूल सातवीच्या आसपास असते आणि तेव्हा दुसरी कायमची दाढ येते. निसर्गाने जणू शाळेचे वेळापत्रक पाहूनच ही योजना केली आहे. तेव्हा पहिली-दुसरीच्या आणि सहावी-सातवीच्या वर्गांत दाढा बुजवण्याचा कार्यक्रम लसीकरणाप्रमाणे नेमाने व्हावा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, खासगी तर अनेक आहेत. दंतवैद्यकाचे विद्यार्थी पदवीपूर्वी इंटर्नशिप करतात. त्या काळातील काही आठवडे त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत घालवावेत. वीज नाही, दिवा नाही, ही सबबही आता चालण्यासारखी नाही. ग्लास आयोनोमर नावाचे दातांचे सिमेंट मिळते. ते बोटाने दाबून भेगांत बसवता येते, विजेच्या दिव्यावाचून घट्ट होते आणि थोडा ओलावा सहन करते. राळेपेक्षा ते लवकर निघते हे कबूल, पण काहीच नसण्यापेक्षा ते निश्चित बरे. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या आपल्या यादीत या सिमेंटचा समावेश केला आहे.

दिवाळीच्या सुमारास जी कुटुंबे ऊसतोडीला निघून जातात, त्यांची मुले शाळा-तपासणीच्या दिवशी पटावर असतात पण वर्गात नसतात. ज्यांच्या आईबापांच्या कोयत्यातून सबंध राज्याची साखर येते, त्यांच्याच मुलांच्या दाढा या यादीतून सुटाव्यात, हे बरे दिसत नाही. त्यांच्यासाठी पथकाने जून-जुलैमध्येच, शाळा उघडताच यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, फक्त तारीख बदलावी लागते.

शहरातील सुखवस्तू घरांतील मुलांना हा लेप मिळू लागला आहे. त्यांचे मला दुःख नाही, उलट आनंद आहे. पण दाढेची भेग श्रीमंताची उथळ आणि गरिबाची खोल असा भेद निसर्गाने केलेला नाही. तो आपण खर्चाच्या आकड्याने केला आहे. बैल गेल्यावर झोपा करण्याची आपली जुनी खोड प्रसिद्धच आहे. येथे तर बैल गोठ्यात उभा आहे, झोप्याचे सामान दारात पडले आहे आणि बांधणारे हातही दरवर्षी महाविद्यालयांतून बाहेर पडत आहेत. वाचकहो, तुमच्या घरात पहिलीत जाणारे भावंड किंवा भाचरू असेल तर आज त्याला 'आ' करायला सांगा, दुधाच्या दाढांच्या मागे नवी दाढ दिसते का पाहा आणि दिसली तर ती दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्याकडे घेऊन जा. आणि ज्यांच्या घरी असे पाहणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी हे काम शाळेने आणि सरकारने करावे, असा आग्रह आपण सर्वांनी धरला पाहिजे. या एका मागणीसाठी दातांच्या कण्या करण्याची माझी तयारी आहे.