बुडवली की संपली?

कॉलेजच्या लॅबमधलं एक मोडकं स्टूल फेकायचं असेल तर काय काय करावं लागतं, माहीत आहे? आधी डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नंबर शोधायचा, मग कमिटी, मग सह्या, मग ‘निर्लेखन’. (हा शब्द मला ऑफिसमधल्या काकांनी शिकवला. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये असले शब्द नव्हते!) एवढं झाल्यावर कुठे ते स्टूल भंगारवाल्याच्या टेम्पोत चढतं. आता स्टूलच्या जागी २६५ मीटर लांबीची विमानवाहू नौका असेल तर? रजिस्टर किती जाड लागेल?

तर मित्रमैत्रिणींनो, ३ फेब्रुवारी २०२३ ला ब्राझीलच्या नौदलाने आपली ‘साओ पाउलो’ ही नौका अटलांटिक महासागरात बुडवली. किनाऱ्यापासून सुमारे ३५० किलोमीटरवर, जिथे पाणी ५००० मीटरच्या आसपास खोल आहे. वादळ नव्हतं, युद्ध नव्हतं. ठरवून बुडवली.

ही मूळची फ्रान्सची ‘फॉश’. १९६३ मध्ये त्यांच्या नौदलात आली, २००० मध्ये ब्राझीलने ती विकत घेतली. पुढे आग, दुरुस्त्या, पुन्हा दुरुस्त्या, आणि शेवटी भंगार. तुर्कस्तानच्या एका कंपनीने ती तोडायला घेतली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये एक टग तिला ओढत रिओहून निघाला. जिब्राल्टर जवळ आलं आणि तुर्कस्तानने परवानगीच काढून घेतली! नौकेवर नक्की किती अॅस्बेस्टॉस आहे, या मुद्द्यावर तिकडे लोक रस्त्यावर उतरले होते. नौका उलटी फिरली. ब्राझीलमध्ये परत आली तर पेर्नांबुको राज्याने बंदरात घ्यायला नकार दिला. मग ती किनाऱ्यापासून लांब, काही महिने नुसती घिरट्या घालत राहिली. जानेवारीत नौदलाने ती ताब्यात घेतली आणि खोल समुद्रात नेली. पर्यावरणमंत्री मरीना सिल्वा यांचा बुडवायला विरोध होता, सरकारी वकील कोर्टात गेले, पण कोर्टाने थांबवलं नाही. नौदलाचं म्हणणं असं, की सांगाड्यात पाणी शिरतंय, आज ना उद्या ती आपोआपच बुडणार.

ते खरंही असेल. पण पाणी शिरेपर्यंत तिला फिरवत कोणी ठेवलं? तुर्कस्तानचा नकार बरोबर होता, बंदराचाही समजण्यासारखा होता. सगळ्यांना नाही म्हणता आलं. समुद्राला कोणी विचारलंच नाही.

आता तुम्ही म्हणाल, याला काही कायदा नाही का? आहे ना! १९७२ चं लंडन कन्व्हेन्शन. समुद्रात कचरा टाकण्यावरचा हा आंतरराष्ट्रीय करार, आणि त्यात ‘टाकणे’ या शब्दाच्या व्याख्येतच जहाज मुद्दाम बुडवणं येतं. १९९६ चा लंडन प्रोटोकॉल त्याहून कडक. त्याने पद्धतच उलटी केली : अमुक टाकू नका अशी यादी न देता, एवढ्याच गोष्टींचा विचार होईल, बाकी सगळं बंद. त्या छोट्या यादीत जहाजं आहेत, पण परमिट मागण्याआधी दाखवावं लागतं की दुसरा मार्ग नाही. दुरुस्त करून वापरता येतं का? तोडून लोखंड काढता येतं का? येत असेल तर परमिट नाही. ईशान्य अटलांटिकच्या देशांनी तर आपापसातल्या करारात २००४ नंतर जहाज बुडवणं साफ बंद केलं.

हे वाचून मला वाटलं, वा! मग पुढचं कलम वाचलं. युद्धनौकांना हे लागू नाही. सार्वभौम देशाची नौका, म्हणून सूट. त्या देशाने आपणहून कराराच्या हेतूला धरून वागावं, एवढीच अपेक्षा. जहाजं तोडण्याबद्दलचं हाँगकाँग कन्व्हेन्शन २००९ मध्ये झालं आणि २६ जून २०२५ ला (सोळा वर्षांनी!) लागू झालं. त्यात प्रत्येक जहाजावर घातक पदार्थांची यादी ठेवणं सक्तीचं आहे. फार चांगली गोष्ट. पण युद्धनौका? त्यातूनही वगळलेल्या.

म्हणजे गंमत बघा. जुन्या युद्धनौकांच्या पोटात काय असतं? बॉयलर रूम आणि वाफेच्या पाइपांभोवती अॅस्बेस्टॉस. केबलच्या आवरणात, ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी. (इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, तुमचा सर्किट बोर्ड नाही, पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल. हे विघटन पावत नाही, माशांच्या चरबीत साठतं.) तळाच्या रंगात टिन असलेलं विष. जिथे माल सगळ्यात वाईट, तिथेच नियम नाही.

आणि यादी सक्तीची नसली की काय होतं? ‘फॉश’ची जुळी बहीण होती ‘क्लेमेन्सो’. ती ३१ डिसेंबर २००५ ला तुलाँहून निघाली, कुठे? आपल्याकडे, गुजरातेत अलंगला. अलंगला भरती-ओहोटीत पाण्याची पातळी इतकी बदलते की भरतीला जहाज सरळ किनाऱ्यावर चढवतात आणि ओहोटीत माणसं चिखलात उभी राहून ते कापतात. प्रकरण आपल्या सुप्रीम कोर्टात गेलं, आरडाओरडा झाला, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये अध्यक्ष शिराक यांनी नौका परत बोलावली. पुढे इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ती तोडली, तेव्हा शेकडो टन अॅस्बेस्टॉसयुक्त माल निघाला. साओ पाउलोच्या कागदावर आकडा होता ९.६ टन. फ्रान्सने विकण्याआधी त्यातला काही काढला होता हे मान्य, तरी जुळ्या बहिणींत एवढा फरक? आता मोजणार कसा? ५००० मीटर खाली कोण जाणार!

अमेरिका आपल्या जुन्या युद्धनौका सरावात नेम धरून बुडवते. त्यांचा निदान नियम तरी लिहिलेला आहे : किनाऱ्यापासून ५० नॉटिकल मैल, खोली ६००० फूट, आणि आधी जमेल तेवढी सफाई. ‘जमेल तेवढी’ या शब्दांत सगळं आलं. आपणही सबमिशनच्या आदल्या रात्री जमेल तेवढंच करतो.

दुसरी पळवाट म्हणजे कृत्रिम प्रवाळ. जहाज ‘टाकलं’ नाही, मासे यावेत म्हणून ‘ठेवलं’, की करारात ते कचरा टाकणं धरत नाहीत. मी याच्या विरोधात नाही, नीट साफ केलेला सांगाडा मासे खरंच वापरतात. पण फ्लोरिडाजवळ २००६ मध्ये ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका अशी बुडवली, तेव्हा केबलमधलं पीसीबी तसंच ठेवून बुडवली.

आपल्या घरी काय? ‘विक्रांत’ २०१४ मध्ये मुंबईत दारूखान्यात तुटली आणि तिचं लोखंड बजाजच्या मोटरसायकलीत गेलं. ‘विराट’चं सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करायचं राज्याने ठरवलं होतं, ती २०२० मध्ये अलंगला गेली. भावनिक लोकांना वाईट वाटलं, मला नाही. लोखंड परत कामाला लागलं. आता निवतीच्याच समुद्रासाठी ‘गुलदार’ आहे. पोलंडमध्ये बांधलेली ही नौका नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झाली आणि २०२५ मध्ये पर्यटन महामंडळाकडे आली. बेत असा, की तिला पाण्याखाली बसवून पर्यटकांना दाखवायची.

आपला २०१९ चा जहाज पुनर्चक्रण कायदाही युद्धनौकांना लागू नाही. म्हणून हे काम कायद्याची वाट न बघता करायला हवं. नौदल सोडताना प्रत्येक नौकेच्या घातक पदार्थांची यादी तयार व्हावी आणि ती बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासावी. ‘गुलदार’मधून काय काढलं, किती काढलं, काय आत राहिलं, हे मराठीत छापून निवतीच्या बंदरावर लावावं. तिथे जाळी टाकणाऱ्यांना ते वाचता आलं पाहिजे. आमच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्येही स्टूलला किती पाय शिल्लक होते ते लिहितात.