अंडे वगळा, हरभऱ्याचा भाव वगळू नका



शहरात एक नवा शब्द रुळला आहे. व्हेगन. मांस-मासळी नाही, अंडे नाही, आणि दूध, दही, तूप, मधही नाही. ज्याला असे खायचे त्याने खुशाल खावे. कोणाच्या ताटात काय असावे हे ठरवण्याचा अधिकार सरकारला नाही, तसा तो आपल्यालाही नाही. पण या शब्दाच्या मागोमाग बाजारात जी पाकिटे येत आहेत त्यांच्याबद्दल जिल्हा बैठकीत बोललेच पाहिजे. कारण त्या पाकिटात माल आपला आहे आणि भाव मात्र दुसऱ्याचा आहे.

ऑम्लेटचेच उदाहरण घ्या. अंड्याशिवाय ऑम्लेट करणे हा म्हणे मोठा शोध. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ईट जस्ट नावाच्या कंपनीने बाटलीतून ओतायचे 'अंडे' बाजारात आणले. ते कशाचे? मुगाचे! मुगातले प्रथिन वेगळे काढायचे, त्यात तेल आणि इतर घटक मिसळायचे, हळदीचा रंग द्यायचा आणि तव्यावर ओतायचे. साठ-पासष्ट दिवसांत निघणारा आपला खरिपाचा मूग तिकडे जाऊन शास्त्र झाला. आपल्या घरात मात्र त्याला मुगाचे धिरडे म्हणतात आणि त्याचे पेटंट कोणा आजीने घेतलेले नाही.

बेसनाचे तर विचारूच नका. महाराष्ट्रात 'टोमॅटो ऑम्लेट' म्हटले की त्यात अंडे नसते हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचे पीठ, बारीक चिरलेला टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर, हळद, हिंग, मीठ आणि धार पडेल इतके पाणी. पीठ पंधरा मिनिटे भिजू द्यावे. तव्यावर पसरून कडेने तेल सोडावे, झाकण ठेवून मंद आचेवर होऊ द्यावे, मग उलटावे. ज्याला अंड्याचा वासच हवा असेल त्याने साध्या मिठाऐवजी थोडे पादेलोण घालावे. त्यातल्या गंधकामुळे तो वास येतो. महागड्या पाकिटाची गरज नाही.

यामागचे शास्त्रही सोपे आहे. अंडे तापले की त्यातले प्रथिन गोठते, म्हणून ऑम्लेट धरून राहते. बेसनात प्रथिन आहे आणि पिष्टही आहे. पिष्ट पाणी पिऊन फुगते, प्रथिन आचेने घट्ट होते, आणि दोघे मिळून अंड्याचे काम करतात. म्हणून पीठ भिजू द्यायचे आणि आच मंद ठेवायची, नाहीतर कच्चट लागते. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिन असते. तीस ग्रॅम बेसनात जवळपास तेवढेच. डाळीच्या प्रथिनात जे कमी पडते ते तांदूळ, ज्वारी, गहू भरून काढतात, म्हणून ते पावाबरोबर किंवा भाकरीबरोबर खाणे शहाणपणाचे. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: बी-12 जीवनसत्त्व बेसनात नाही. ज्याने अंडे आणि दूध दोन्ही सोडले त्याने ते औषधातून घ्यावे. खोटी भलामण करून आपल्याला माल विकायचा नाही.

हे शहराला नवे नाही. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरा आणि कोपरीत जा. फाळणीनंतर घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबे इथल्या कॉलनीत वसली, जशी कल्याणजवळच्या छावणीत वसली आणि 1949 साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्यांची सकाळची ठेवणीतली न्याहारी कोणती? दाल पकवान. हरभऱ्याची डाळ, वर चिंचेची आणि हिरवी चटणी, सोबत तेलात तळलेला कुरकुरीत पकवान. अंडे नाही, दूध नाही. सिंधू नदीकाठची न्याहारी असो की आपल्या कोकण-देशावरची, अंड्याच्या आणि दुधाच्या जागी उभा राहिला तो हरभराच.

मग व्हेगन नाश्त्याची लाट आली म्हणजे हरभरावाल्याचे दिवस आले, असे वाटेल. इथेच गफलत आहे.

अंड्याच्या मागे कोण उभे आहे ते बघा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कुक्कुटपालक व्यापाऱ्यांच्या भावाने पिचले होते. कोंबडी रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य खाते, त्यातला मका आणि सोयाबीनची पेंड रोकडीने घ्यावी लागते, आणि अंड्याचा भाव सांगायचा मात्र अडत्याने. 1982 साली हे उत्पादक एकत्र आले, राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, डॉ. बी. व्ही. राव यांनी तिचे नेतृत्व केले. माझ्या अंड्याचा भाव मी सांगेन, ही त्यांची साधी भूमिका होती. त्या दिवसापासून अंड्याचा भाव उत्पादकांची संघटना रोज जाहीर करते. तोटा त्यांनाही होतो, खाद्य महागले की तेही ओरडतात. पण भाव सांगणारे तोंड त्यांचे स्वतःचे आहे.

आता त्याच तव्यावर अंडे काढून बेसन ठेवा. बेसनाचा भाव कोण सांगतो? हरभरा पिकवणारा नक्कीच नाही. कृषी महाविद्यालयात आम्हाला हरभऱ्याच्या जाती शिकवल्या. राहुरीचे विजय, दिग्विजय, विशाल, अकोल्याचा जॅकी 9218. मर रोग शिकवला, घाटेअळी शिकवली, ओलीवर पेरायचे की पाणी देऊन ते शिकवले. पण त्या घाट्यातल्या दाण्याचे पीठ झाल्यावर त्याचा भाव कोणत्या दारात ठरतो, हे चार वर्षांत एकाही तासाला आले नाही.

तो भाव दिल्लीच्या दारात ठरतो. नोव्हेंबर 2017 मध्ये सरकारने वाटाण्यावर 50 टक्के आयात शुल्क लावले, पुढे आयातीवर आणखी निर्बंध आणले. आणि 8 डिसेंबर 2023 ला, रब्बीचा हरभरा शेतात उभा असताना, पिवळा वाटाणा बिनशुल्क सोडला. मुदत संपत आली की वाढवायची, पुन्हा संपत आली की पुन्हा वाढवायची, असे जवळपास दोन वर्षे चालले. कॅनडा आणि रशियाचा वाटाणा लाखो टनांनी बंदरात उतरला, हरभऱ्याच्या हमीभावापेक्षा कितीतरी खालच्या दराने. मे 2024 मध्ये देशी हरभऱ्याच्या आयातीवरचे शुल्कही काढले, ते मार्च 2025 अखेरपर्यंत. वाटाण्यावर 30 टक्के शुल्क पुन्हा आले ते 1 नोव्हेंबर 2025 पासून. तोवर दोन हंगामांचा हरभरा घरातून निघून गेला होता.

पिवळ्या वाटाण्याचा आणि ऑम्लेटचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. पिवळा वाटाणा दळला की पीठ पिवळेच निघते. कायदा म्हणतो की बेसन म्हणजे सोललेल्या हरभऱ्याचे पीठ, त्यात दुसरे काहीही मिसळायचे नाही. पण वाटाणा स्वस्त आणि हरभरा महाग असला की चक्कीवर काय होते ते प्रत्येक किराणा दुकानदाराला ठाऊक आहे. कोपरीतला गिऱ्हाईक समजतो, मी अंडे सोडून बेसन खाल्ले, गावाकडच्या शेतकऱ्याच्या मालाला उठाव दिला. प्रत्यक्षात त्याच्या बशीत कॅनडातला वाटाणा असू शकतो. केंद्र सरकारने 2022 साली व्हेगन खाद्यपदार्थांची नियमावली काढली, त्यांना वेगळे हिरवे चिन्ह दिले. पदार्थात प्राण्याचे काही नाही याची हमी ते चिन्ह देते. पीठ कोणत्या डाळीचे आणि ती डाळ कोणत्या देशातली, याबद्दल ते चिन्ह मुके आहे.

काही मित्र म्हणतील, तुम्ही तर खुल्या बाजाराच्या गोष्टी करता, मग आयातीला विरोध कसा? आयातीला विरोध नाही. विरोध आहे तो एका बाजूने उघडणाऱ्या दाराला. 2006 पासून 2017 पर्यंत डाळींची निर्यात बंद ठेवली. 20 डिसेंबर 2021 ला हरभऱ्यासह सात शेतीमालांचा वायदा बाजार बंद केला आणि बंदी वर्षामागून वर्ष वाढवली. जून 2024 मध्ये तूर आणि हरभऱ्यावर साठामर्यादा घातली. म्हणजे आम्ही बाहेर विकायचे नाही, पुढचा भाव बघायचा नाही, व्यापाऱ्याने जास्त खरेदी करून ठेवायची नाही, आणि बाहेरच्याने मात्र बिनशुल्क यायचे. कुस्तीत एका मल्लाचे दोन्ही हात बांधायचे आणि वर म्हणायचे, स्पर्धा निकोप आहे!

दुसरे म्हणतील, गरिबाला बेसन स्वस्त मिळते ना? हिशेब करून बघू. 2025 च्या हंगामासाठी हरभऱ्याचा हमीभाव क्विंटलला 5,650 रुपये होता. एक किलो हरभऱ्याची पाऊण किलोच्या आसपास डाळ निघते. एका ऑम्लेटला चाळीस ग्रॅम बेसन धरा. म्हणजे साधारण पंचावन्न ग्रॅम हरभरा. पूर्ण हमीभाव मिळाला तरी शेतकऱ्याच्या पदरात त्या ऑम्लेटमागे तीन रुपये पडतात. त्यातच बियाणे, नांगरट, फवारणी, सोंगणी, मळणी आली. हॉटेलातल्या बशीचा दर वाचकाला माहीत आहे. हरभरा क्विंटलला हजार रुपयांनी चढला तरी एका ऑम्लेटला पंचावन्न पैसे जास्त लागतील. या पंचावन्न पैशांसाठी लातूर-अकोल्यापासून मुरबाड-शहापूरपर्यंतचा हरभरा पाडला जातो. भातामागे ओलीवर वाल-हरभरा पेरणारे आपले ठाणे जिल्ह्यातले लोकही त्यातच भरडले जातात. त्यातून गरिबाचे पोट भरत नाही. मधल्या पाकिटवाल्याचे भरते.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे पुढील ठराव यावेत.

पहिला. अन्न व औषध प्रशासनाने ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि उल्हासनगरच्या बाजारातल्या बेसनाचे नमुने तपासावेत आणि निकाल जाहीर करावेत. वाटाण्याचे पीठ विकायला हरकत नाही. ते वाटाण्याचे म्हणूनच विकावे, बेसन म्हणून नव्हे.

दुसरा. डाळींचे आयात शुल्क पेरणीपूर्वी जाहीर व्हावे आणि तो माल विकला जाईपर्यंत त्यात बदल करू नये. पीक शेतात असताना नियम बदलणे हा सरळ दरोडा आहे.

तिसरा. साठामर्यादेचे हत्यार आणि वायदेबंदी दोन्ही कायमची मोडीत काढावीत.

चौथा ठराव सरकारसाठी नाही, आपल्यासाठी आहे. अंडेवाल्यांनी 1982 साली जे केले ते हरभरावाल्यांनी का करू नये? तालुक्यातालुक्यात गटाने डाळ करावी, बेसन दळावे, पिशवीवर हरभऱ्याची जात आणि तालुका छापावा, आणि शहराच्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या दारात आपण सांगितलेल्या भावाने विकावे. शहरातल्या ज्या तरुण मुला-मुलींनी मनापासून अंडे-दूध सोडले आहे, त्यांच्याशी आपले भांडण नाही. खरे बेसन कोणाकडून घ्यायचे हा त्यांचाही प्रश्न आहे. पाकीटवाल्यांच्या आधी आपण त्यांच्यापर्यंत पोचलो पाहिजे.

कोंबडीचे अंडे बोलत नाही, पण त्याचा भाव संघटनेने सांगायला सुरुवात केली तेव्हा अडत्यांना ऐकावे लागले. हरभराही बोलत नाही. त्याच्या वतीने बोलायला बैठकीला या, आणि येताना आपापल्या गावाचा उत्पादन खर्च कागदावर मांडून आणा.