वळवाचा तोटा कोणाच्या खात्यावर?

मार्च संपता संपता हवामान खात्याचा उन्हाळ्याचा अंदाज जाहीर होतो. एप्रिल ते जून हे महिने कसे जातील, उष्णतेच्या लाटेचे दिवस किती, पाऊस सरासरीहून कमी की जास्त, एवढे त्यात असते. वर्तमानपत्रे 'यंदा उन्हाळा कडक' असा मथळा देतात आणि वाचणारा कूलरच्या चौकशीला लागतो. ज्याने आंब्याची बाग उक्ती घेतली आहे, त्याने मात्र ही बातमी वेगळ्या नजरेने वाचावी, असे आम्हाला वाटते.

कडक ऊन आणि वळीव यांचे नाते जवळचे आहे. तापलेली हवा वर चढते आणि ज्या दिवशी तिला अरबी समुद्राकडून किंवा बंगालच्या उपसागराकडून आलेले बाष्प मिळते, त्या दिवशी दुपारनंतर तासाभरात वादळ, विजा, कधी गारा. विदर्भापासून मराठवाड्यातून खाली कर्नाटकापर्यंत दोन्हीकडचे वारे जिथे भेटतात, त्या पट्ट्यात हे वरचेवर घडते. तीन महिन्यांचा अंदाज गाव आणि तारीख सांगू शकत नाही. तशी अपेक्षा ठेवणेही चूक.

आता व्यापाराचे पाहू. मराठवाड्याचा केसर नेमका मे महिन्यात पाडाला येतो, म्हणजे वळवाच्या ऐन तोंडावर. २०२५ साली तर वळीव आणि मान्सून यांच्यात खंडच पडला नाही. एरवी ११ जूनच्या सुमारास मुंबईत येणारा मान्सून २६ मे रोजीच येऊन ठेपला. आमचे बागवान बंधू बागेचा सौदा करतात तो मोहोर किंवा बारीक कैरी पाहून. विसार देतात, उरलेली रक्कम उतरणीपर्यंत हप्त्याने. कागद बहुधा नसतोच, शब्दावर चालते. चांगल्या वर्षी शब्द पुरतो.

वादळ आले की अर्धा माल जमिनीवर. पडलेल्या फळाला मार लागलेला, देठ तुटून चीक सालीवर आलेला. असे फळ आढीत घातले तर शेजारचेही नासते. ते लोणच्याच्या भावानेच द्यावे लागते. मग वाद सुरू होतो. बागायतदार म्हणतो, मी बाग विकली, आता तुझे नशीब. व्यापारी उरलेले हप्ते अडवून धरतो किंवा बाग तशीच सोडून निघून जातो. आमच्या पाहण्यात दोन्ही प्रकार आले आहेत आणि दोन्हीत एक कोणीतरी उघडा पडतो. फळपिकाचा हवामान-आधारित विमा सातबारा पाहून बागायतदाराच्या नावे उतरतो, पंचनामाही त्याच्याच नावाने होतो. भरपाई मिळाली तर त्याच्या खात्यात. ज्याने फळाचे पैसे मोजले, त्याचे नाव कुठेच नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की वळीव हा सौद्याचा भाग धरून तो कागदावर लिहावा. वादळाने माल पडला तर रकमेत किती सूट, पडलेले फळ कोणाचे, विम्याची भरपाई आली तर तिची वाटणी कशी, हे मोहोराच्या वेळीच ठरावे. बागायतदार कागदाला बिचकतो, कारण त्याला कुळाची भीती वाटते. ती भीती अगदीच खोटी म्हणता येत नाही. तेव्हा 'फक्त या हंगामाचे फळ विकले, जमिनीवर वा झाडांवर हक्क नाही' हे वाक्य व्यापाऱ्याने आपणहून पहिल्या ओळीत घालावे.

उतरणीच्या दिवसांत हंगामी अंदाज निरुपयोगी. तेव्हा जिल्हावार पाच दिवसांचा इशारा पाहावा. नारिंगी रंग दिसला तर तयार फळ आधी उतरवून घेता येते. तयारच, हे लक्षात असावे. वादळाच्या धास्तीने कोवळा माल काढून बाजारात लोटणारेही आहेत. तो पिकत नाही, सुरकुततो, आणि पुढच्या वर्षी गिऱ्हाईक त्या पेढीकडे फिरकत नाही.

झाडावर झेला घेऊन चढलेल्या माणसाची गोष्ट निराळी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसे गेली. हवामान खाते पुढच्या तीन तासांचा इशारा देते, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप आसपासच्या विजेची सूचना देते आणि फोन तर मुकादमाच्या खिशात असतोच. तरी 'एवढी फांदी उरकू द्या' म्हणून मजुराला वर ठेवले जाते आणि पाऊस आला की सगळे त्याच झाडाखाली उभे राहतात. इथे फळाच्या तोट्याचा हिशेब लागू होत नाही. ढग गडगडला की काम बंद, मजूर पक्क्या छपराखाली आणि त्या दिवसाचा रोज पूर्ण, हेही त्याच कागदावर लिहून मुकादमाची सही घ्यावी. बुडालेल्या अर्ध्या दिवसाचा खर्च बाग घेणाऱ्याने सौद्याच्या वेळीच भावात धरावा.