रिस्टोरेशन म्हणे!

हल्ली एक शब्द माझ्या फार डोक्यात जातो. रिस्टोरेशन! नांदेड-लातूरकडे आजोबांची पद्मिनी किंवा बाबांची चेतक वाड्यातून बाहेर काढायची, गॅरेजवाल्याला "एकदम नवी करून द्या" म्हणायचं, फोटो काढायचे, की झालं रिस्टोरेशन. आणि मूळ बंपर, बीडिंग, हेडलाइटची रिंग? ते भंगारात, किलोच्या भावाने. त्या जागी पातळ पत्र्याचा डुप्लिकेट माल, नाहीतर पोच्यात लांबी भरून वर चंदेरी स्प्रे. याला मेकअप म्हणतात राव!

आपल्या आयटीत प्रत्येक टीममध्ये असा एक हिरो असतोच. जुना कोड समजत नाही, म्हणून "सगळं नव्याने लिहून टाकू". गाडीचंही तेच. चेपलेला बंपर सरळ करता येत नाही, म्हणून तो "खराब झाला".

खरं तर पोचा काढणं ही काही जादू नाही. आतून लोखंडी ठोकळ्याचा आधार द्यायचा आणि पोच्याच्या काठापासून मध्याकडे हलके हलके ठोकत यायचं. पितळी हंडा सरळ करणारा कारागीर हेच करतो. मग पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक, आणि शेवटी बफ. स्टीलच्या बीडिंगला एवढं पुरतं, प्लेटिंग लागत नाही. अॅल्युमिनियमच्या पट्टीवर मात्र बऱ्याचदा अॅनोडायझिंगचा थर असतो. तो आधी काढावा लागतो, नाहीतर कितीही घासा, पट्टी ढगाळच दिसणार.

क्रोमची गोष्ट वेगळी. चकाकणारा क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. गंजापासून वाचवतो तो त्याच्याखालचा निकेलचा जाड थर. म्हणजे गंज घासून न काढता, निकेल नीट न चढवता वरवर क्रोम मारलं, की दोन पावसाळ्यांत फोड आलेच म्हणून समजा. दाराची हँडलं जस्ताच्या मिश्रधातूची असतील तर ती अॅसिडच्या टाकीत बुडवणाऱ्याला आधीच थांबवा. अॅसिड गंजाबरोबर हँडलही खातं.

आता कोणी म्हणेल, क्रोम प्लेटिंग तर विषारी धंदा आहे, जुनं कशाला उकरता? मुद्दा एकदम बरोबर. टाकीतलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कॅन्सरकारक आहे. ते पाणी प्रक्रिया न करता गटारात सोडणं हा गुन्हाच आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं, आणि नांदेडची गोदावरी तर रोज डोळ्यांसमोर आहे. म्हणूनच म्हणतो, जे ठोकून आणि बफ करून सुधारतं त्याला टाकीत घालू नका. जे घालावंच लागेल ते सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातच द्या, भले ते दूरच्या शहरात असो आणि पैसे जास्त लागोत. आणि हो, डुप्लिकेट बंपरलाही क्रोम कुठेतरी चढवलेलंच असतं. फक्त ते गटार तुम्हाला दिसत नाही.

"पण नवा स्वस्त पडतो ना!" पडतो. पद्मिनीचा कुर्ल्याचा कारखाना केव्हाच थांबला. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. आता मूळ बंपर नव्याने बनणार नाही, त्यामुळे भंगारात गेलेला प्रत्येक तुकडा एकूण शिलकीतून कायमचा वजा. २०२१ च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल नकोत. बीडिंग बदलल्याने कदाचित कोणी अडवणार नाही. पण मूळपणा नेमका कशात असतो, हे आरटीओने सांगायची वाट कशाला बघायची?

तेव्हा गॅरेजवाल्याला पहिलं वाक्य हे सांगा: "काढलेला एकही तुकडा फेकायचा नाही." आणि लांबी भरणाऱ्यापेक्षा हातोडी चालवणाऱ्याला दोन पैसे जास्त द्या. त्याचं काम बंद पडलं, तर तुमच्या नातवाला खरोखरच नवा बंपर घ्यावा लागेल.

बघा, पटतंय का.